नऊ जणींतली एक

४ फेब्रुवारी

धाकटे,

सुरुवातीला आशीर्वाद लिहावेत की नुसतंच 'कारण की', या विचारात एक कागद वाया गेला. म्हणून हा दुसरा थेट सुरू करते. आपण सहा वर्षं बोललेलो नाही. आईच्या शेवटच्या दिवसांत तू मला 'पाणी हवंय का' विचारलंस आणि मी 'नको' म्हटलं, तेवढं सोडून. आई असती तर हे पत्र तिला गेलं असतं. आता घरात तूच उरलीस. आपल्या घराची रीतच ती, उरलं असेल त्यावर भागवायचं.

सांगायचं हे की मला मागणी आली आहे. हसू नकोस. चार महिन्यांत तीन मागण्या आल्या आहेत.

मी सध्या एका बोगद्याच्या कामावर आहे. डोंगर दोन्ही बाजूंनी पोखरत आणलाय, मधली भिंत राहिली आहे ती महिन्याभरात फुटेल. माझं काम काँक्रीट तपासायचं, शहरात होतं तेच. फरक एवढाच की शहरातल्या त्या लॅबमध्ये आम्ही सगळ्या बायकाच होतो आणि इथे दोनशे सत्तर पुरुष आहेत. बायका नऊ. त्यांतल्या पाचजणींचे नवरे इथेच कामाला आहेत, आणि स्वयंपाकघर बघणाऱ्या बाईंनी साठी ओलांडली आहे. उरलो तिघी. म्हणजे दर नव्वद पुरुषांमागे एक.

तुमच्याकडची परिस्थिती मी तुला काय सांगायची. शिलाई कारखाना बायकांनाच घेतो, चारशे जणी आहेत तिथे, त्यामुळे मिसरूड फुटली की पोरगा बंदराकडे पळतो, नाहीतर जहाजावर चढतो. एकतीस वर्षं मी त्या गावातून वर मान करून चालले, कुणाची नजर आडवी आली नाही. आणि इथे मी खानावळीत पेला उचलला तरी तीन बाकांवरचं बोलणं थांबतं. केस धुवून आले तर क्रेनवाला विचारतो, 'बरं नाही का तुम्हाला, वेगळ्या दिसताय.' मी तीच आहे गं. तेच पुढे आलेले दोन दात आणि तोच आवाज, ज्याला तू फाटका कर्णा म्हणायचीस.

पहिली मागणी याच क्रेनवाल्याची. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. म्हणाला, 'तुम्ही हो म्हणालात तर उद्यापासून दारू बंद.' मी म्हटलं, मी नाही म्हणतेय, तरीही बंद कर. दुसरी भांडारवाल्याची. त्याने सामान मागवायच्या छापील फॉर्मवर अर्ज केला, तीन प्रतींत, आणि 'तातडीने हवे' या चौकोनात खूण केली होती. मी त्यावर 'उपलब्ध नाही' असा शेरा मारून परत पाठवला. तो बिचारा अजून नमस्कार करतो.

तिसऱ्याबद्दल आज लिहीत नाही. उत्तर पाठवलंच पाहिजेस असं नाही.

ताई


१८ फेब्रुवारी

धाकटे,

इथे टपालाची गाडी मंगळवारी येते. दोन मंगळवार गेले. उत्तर नको असं मीच लिहिलं होतं, तरी गाडीशी जाऊन उभी राहिले होते हे सांगून टाकते.

तिसरे म्हणजे मोजणीवाले. वय त्रेचाळीस. बोगदा दोन्हीकडून खणला की मधोमध नीट जुळला पाहिजे, ती रेषा धरून ठेवणं यांचं काम. वीस वर्षं असल्याच कामांवर काढली आहेत. रस्ता संपतो तिथून यांची नोकरी सुरू होते, त्यामुळे लग्न राहून गेलं. कोणतीही गोष्ट तीनदा मोजतात. चहात साखर घालतानासुद्धा चमचा सपाट करून घेतात. पहिल्या महिन्यात मला वाटलं, माणूस मंद आहे. दुसऱ्या महिन्यात कळलं की ते ऐकत असतात. मी जे बोलले ते आठ दिवसांनी मला परत सांगतात, आणि त्यात एक शब्द इकडचा तिकडे नसतो. आपल्या घरात माझं बोलणं पुरतं कोण ऐकायचं, सांग.

लॅबच्या मागच्या खोलीत पाण्याची टाकी आहे, तिथे त्यांनी विचारलं. मी बाह्या वर करून चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे बाहेर काढत होते. म्हणाले, 'मी दोन महिने विचार करतोय. तुमची हरकत नसेल तर आपण लग्न करावं.' एवढंच. हातातला ठोकळा मी पुन्हा पाण्यात ठेवला, तो चुकीच्या रांगेत गेला.

मला आनंद झाला, धाकटे. तुझ्यापासून काय लपवायचं. पण खोलीवर आले आणि आकडे डोक्यात सुरू झाले. आम्ही तिघी. तिघींतली नर्स एकोणीस वर्षांची, त्यांच्या मुलीसारखी. दुसरी हिशेबनीस, ती कुणाशीही चार शब्दांपलीकडे बोलत नाही. म्हणजे यांनी माझी निवड केली, की माझ्याशिवाय इथे कुणी नव्हतं?

दुसऱ्या दिवशी मी तोंडावर विचारलं. 'इथे दोनशे सत्तर बायका असत्या तर तुम्ही मलाच विचारलं असतं का?' दुसरा कुणीही 'हो' म्हणून मोकळा झाला असता. यांनी दोन दिवस घेतले. मग येऊन म्हणाले, 'माहीत नाही. जिथली मोजणी मी केली नाही, तिथलं मी सांगू शकत नाही.'

माझा असा संताप झाला. आणि त्याच वेळी वाटलं, की खोटं न बोलणारा हा एकच पुरुष मला आयुष्यात भेटला आहे.

तुला कळेल मला हा प्रश्न का खुपतो. मशीन दुरुस्तीवाला आपल्या घरी आला होता तो माझ्यासाठी. आईनेच बोलावला होता. कारखान्यात काम करणारा, गावात राहणारा, दारू न पिणारा. असा सगळ्या गावात तो एकटा. मी आत साडी बदलत होते, तेवढ्यात तू चहा घेऊन बाहेर गेलीस. आठ दिवसांनी त्याने तुझं नाव सांगितलं. पुढचं तुला पाठ आहे. मी तुला चोर म्हटलं, पेटी उचलली आणि निघाले. तुझ्या लग्नात मी नव्हते.

ताई


३ मार्च

धाकटे,

आता मी तुझ्याकडे एक काम घेऊन आले आहे. आधी पूर्ण वाच, मग काय फाडायचं ते फाड.

काँक्रीट ओतताना त्यातलंच थोडं काढून आम्ही ठोकळे पाडतो. ते पाण्यात ठेवायचे. सातव्या दिवशी काही, अठ्ठाविसाव्या दिवशी बाकीचे मशीनखाली दाबून बघायचे, किती भार सोसतात ते. अठ्ठावीस दिवस झाल्याशिवाय मी कुठल्याही कागदावर सही करत नाही. मुकादम डोकं आपटून घेतो, साहेब फोन करतात, मी करत नाही.

तर मोजणीवाल्यांनाही मी अठ्ठावीस दिवस सांगितले आहेत. बोगदा परवा फुटला. दोन्ही टोकं जुळली, फरक माझ्या अंगठ्याएवढा, सगळ्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं. त्यांची रजा साठली आहे. मी म्हटलं, 'अशा गावी जा, जिथे बायकाच बायका आहेत. अठ्ठावीस दिवस राहा, चार जणींना भेटा, आणि नंतरही मीच हवी असले तर परत या.' ते म्हणाले, 'असं गाव आहे?' मी म्हटलं, माझंच आहे.

सहा तारखेला ते निघतील. सोबत तुझ्यासाठी दोन चादरी पाठवते आहे, इथल्या कँपवर मिळतात, जाड आहेत. राहण्याची सोय कुणाकडे तरी कर. आणि धाकटे, त्यांना मुली दाखव. चांगल्या दाखव. बटणखात्यातली ती हसरी, औषधदुकानवाल्याची थोरली, शाळेतल्या नव्या बाई. कुणाला वगळू नकोस, मला बरं वाटावं म्हणून एखादी तिरळी उभी करू नकोस. तुझ्याकडे हे काम देते, कारण माझ्यावर तुझी माया नाही. तू सरळ चाचणी घेशील.

ताई


१७ मार्च

धाकटे,

काल माझ्या हातून चूक झाली. अठ्ठाविसाव्या दिवसाचे तीन ठोकळे मी अकराव्या दिवशीच मशीनखाली ठेवले. त्यांच्या अंगावर मोठ्या अक्षरांत तारीख रंगवलेली होती, माझ्याच हाताने, तरी. पहिला फुटला, दुसरा फुटला, तिसरा ठेवताना मदतनीस बाई म्हणाल्या, 'अहो, हे आजचे नाहीत.' सहा वर्षांत असं झालं नव्हतं. फुटलेल्या तुकड्यांकडे बघत मी स्टुलावर बसून राहिले.

एक गोष्ट मला सहा वर्षं रोज डोळ्यांसमोर दिसत होती आणि काल पहिल्यांदा कळली. आपण तपासतो तो ठोकळा भिंतीत जात नाही. पास होवो की नापास, तो फुटतो, आणि ढिगावर जातो. मी जे करायला नको होतं ते करून बसले आहे. एक चांगला माणूस माझ्याकडे आला आणि मी त्याला चारशे बायकांत धाडून दिला, का, तर मला खात्री हवी होती. खानावळीत त्यांची जागा रिकामी आहे, तिथे आता क्रेनवाला बसतो. दारू सोडली आहे म्हणे. कोपऱ्यातली साखरेची बरणी नको, म्हणून मी चहा बिनसाखरेचा घेते.

अकरा दिवस झाले आणि त्यांची एक ओळ नाही. तुझीही नाही. मी रोज मनात त्यांचं लग्न लावते. कधी औषधवाल्याच्या थोरलीशी, कधी शाळेतल्या बाईंशी. बाईंशी लावते तेव्हा जास्त रडू येतं, कारण तिथे ते सुखी असतात.

आणखी एक सांगायचं आहे. मला तो मशीन दुरुस्तीवाला कधी आवडला नव्हता. तुझा नवरा आहे, राग मानू नकोस, माणूस भला आहे. पण स्वतःचा विनोद पुरा व्हायच्या आधीच हसतो, आणि बोलताना बोटं मोडतो. माझ्या डोक्यात जायचं. तरी मी त्याला हो म्हणणार होते. दुसरा नव्हता ना. तू त्याला नेलंस तेव्हा मला एक पुरुष गेल्याचं दुःख नव्हतं, गावातला शेवटचा गेला याचं होतं. तू तेव्हा चोवीस वर्षांची होतीस. तुझ्या बरोबरीच्या अकराजणी होत्या, मी आता मोजल्या. आठ अजून बिनलग्नाच्या आहेत. तू चहा घेऊन बाहेर का गेलीस हे मला इथे येऊन कळलं. मी तुझ्या जागी असते तर चहा सांडला असता मुद्दाम, पुसायला जास्त वेळ मिळावा म्हणून.

अजून एक गोष्ट आहे, पण ती लिहायचं धैर्य आज नाही.

मुली दाखवणं थांबव असं मी म्हणत नाही. कबूल केलंय ते केलंय. फक्त विचारते, कितीजणी झाल्या?

ताई


२६ मार्च

धाकटे,

ते काल परत आले. अठ्ठावीस नाही, एकोणिसाव्या दिवशीच. हातात तुझं पत्र. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, अजून ओळ वर चढत जाते.

तू लिहिलंस ते मी तिथेच, गाडीच्या चाकाशी उभी राहून वाचलं. तुझेच शब्द पुन्हा लिहिते, मला ते हाताने लिहून बघायचे आहेत. 'ताई, तीन मुलींना रविवारी यायला सांगितलं होतं. शनिवारी हे मोजणीवाले आमच्याकडे जेवायला आले आणि म्हणाले, तुमचं स्वयंपाकघर पश्चिमेला दीड इंच उतरलंय, म्हणून चुलीखाली पाणी साठतं. सहा वर्षं मी ते पाणी पुसतेय गं, कुणी सांगितलं नव्हतं. मग म्हणाले, तुमच्या ताई म्हणतात, त्यांची तुमच्यावर माया नाही असं तुम्हाला वाटतं. मी आत गेले. रडून झाल्यावर बाहेर येऊन त्यांना सांगितलं, गावातल्या सगळ्या मुलींची लग्नं ठरली, तुम्हाला उशीर झाला. आणि तिघींना निरोप धाडला, पाहुणा गेला म्हणून. तुझं सतरा तारखेचं पत्र त्यानंतर आलं, हे ध्यानात ठेव. तू मला सरळ चाचणी घ्यायला सांगितली होतीस. मी नाही घेतली.'

खरं सांगते, पहिल्यांदा माझं डोकं फिरलं. अर्ध्या तासासाठी तू पुन्हा चोर झालीस. मी एवढं काळीज हातात घेऊन बसले, आणि तू सगळं गाव लपवून ठेवलंस. आता मला कसं कळणार, म्हणून मी त्यांच्यावरच चिडले. ते बॅग खाली न ठेवता ऐकत होते.

मी म्हटलं, 'तिथे कुणी भेटलंच नाही म्हणून परत आलात ना?'

म्हणाले, 'तुमच्या बहिणीने सांगितलं, गावात लग्नाची एकही मुलगी उरली नाही.'

'आणि तुम्हाला खरं वाटलं?'

'मी ज्या घरात उतरलो होतो, तिथल्या बाईंना चार मुली आहेत. चौघी बिनलग्नाच्या. रोज एक जण पाणी विचारायला यायची, आळीपाळीने. धाकटी गाते चांगली.'

'मग तुम्ही माझ्या बहिणीला काय म्हणालात?'

'अरेरे म्हणालो,' ते म्हणाले. 'आणि तिकीट काढलं. गाडी आठवड्यातून दोनदाच सुटते, म्हणून एवढे दिवस लागले.'

मी हो म्हटलं, धाकटे. टाकीजवळच, बाह्या वर केलेल्या होत्या तशाच. नोंदणी तीस एप्रिलला, इथल्या तालुक्याच्या कचेरीत. तुम्ही दोघं या. सह्या करायला माणसं लागतात, आणि माझ्या बाजूची तूच आहेस.

आता तुझ्या पत्राचा शेवट. तो वाचून मला बसवेना. तू लिहिलंस, 'मी चहा घेऊन बाहेर गेले आणि आमचे हे माझ्याकडे वळले. मी तुझ्यापेक्षा चार पावलं जवळ होते म्हणून वळले की माझ्यासाठी, हे मला अजून माहीत नाही. पहिली दोन वर्षं कारखाना सुटला की मी त्यांच्या बरोबरच निघायचे, एकटं सोडायचे नाही. विचारलं कधीच नाही. ते हसून उडवतील याची भीती वाटते. तू निदान विचारलंस.'

मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते हे. तुझं नाव त्याने सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा नवरा मला कारखान्याच्या मागच्या जिन्यात भेटला. बोटं मोडत होता. म्हणाला, 'माझी चूक झाली. मी धाकटीसाठीच येत होतो. सहा महिने काजखात्यात तिच्या मशीनला तेल घालायला जातोय, त्या मशीनला काही झालेलं नाही. तुमच्या आईने थोरलीचं नाव काढलं, मला त्यांच्यासमोर तोंड उघडता आलं नाही.' मी त्याच्याकडून वचन घेतलं की हे तुला सांगायचं नाही. म्हटलं, कळलं तर ती स्वतःला दोष देत बसेल. तो साधा माणूस, त्याला ते पटलं, आणि त्याने ते आजवर पाळलं आहे. मला तू चोर हवी होतीस. नाहीतर मला नुसतं नाकारलं होतं, आणि ते घेऊन कुठे जाणार होते मी.

चहाचा काही संबंध नव्हता गं. चारशे बायकांत त्याला तूच हवी होतीस, आणि हे मला सहा वर्षं माहीत होतं.

ताई